वाचकांच्या पत्रावरून : शेजाऱ्याने दिलेले कासव

आमच्या या सदराकडे येणारी पत्रे बहुधा ठरीव विषयांवरची असतात. लोणच्यास बुरा का येतो, आजोबांच्या गुडघ्यांस कोणते तेल चोळावे, धाकट्याच्या मुंजीत थोरल्याच्या मुंजीइतकाच खर्च करावा काय, अशा प्रश्नांची उत्तरे देण्यात आमचा महिना सरतो. कासवाविषयी मात्र आजवर एकही पत्र आले नव्हते. ते मध्यंतरी आले, आणि तेही सातासमुद्रांपलीकडून.

पत्र लिहिणाऱ्या भगिनी आमच्या मासिकाच्या जुन्या वाचक होत. त्यांचे बिऱ्हाड पुण्यास. चिरंजीव व सूनबाई अमेरिकेच्या मेरीलँड संस्थानात नोकरीनिमित्त राहिलेली. बाई सहा महिन्यांसाठी तिकडे गेल्या आणि पुरता महिनाही झाला नाही तोच त्यांच्या पदरात एक कासव पडले. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ वृद्धाश्रमात जावयास निघाले होते. तेथे जनावर नेण्याची सोय नव्हती. तीस वर्षे सांभाळलेले आपले कासव त्यांनी एका खोक्यात घालून आणले, आणि ‘तुमच्या घरी माणसे पुष्कळ, तुमच्याकडे याचे बरे चालेल’ असे म्हणून ते या मराठी कुटुंबाच्या स्वाधीन केले. घरात माणसे चार, त्यांतील दोघे सकाळी आठास बाहेर पडणार आणि तिसरा नऊ वर्षांचा नातू शाळेत जाणार. तेव्हा कासवाचा सर्व भार अर्थातच आजीबाईंवर आला.

बाईंनी काय करावे? साक्षात् कूर्मावतार दारी आला, म्हणून त्याच्या पाठीवर हळदकुंकू वाहिले, कवच निस्तेज दिसते म्हणून खोबरेल तेल चोळले, ‘कूर्मोबा’ असे नाव ठेविले, आणि माळ्यावर पडलेली माशांची काचेची पेटी खाली काढून, तीत चार बोटे पाणी भरून त्यात त्याची स्थापना केली. खावयास कोवळ्या सॅलडची पाने, काकडी, मऊ भात आणि एकादशीच्या दिवशी दूधकेळे. तीन आठवड्यांत कूर्मोबाचे दोन्ही डोळे सुजून मिटले, त्याने अन्न टाकले, आणि मान आत ओढून तो एका कोपऱ्यात पडून राहिला. नातू रात्री दोन-दोनदा उठून तो श्वास घेतो की नाही हे पाहू लागला. ‘आमच्या हातून या मुक्या जीवाची हत्या तर घडत नाही ना?’ असा बाईंचा प्रश्न होता, आणि पत्रातील त्या एका ओळीखाली दोन रेघा मारलेल्या होत्या.

अशा पत्रास अंकातून उत्तर देण्यात अर्थ नसतो. आम्ही त्याच दिवशी कळविले की, पेटीतील पाणी काढून टाकावे, कासव कोरड्या, उबदार व अंधाऱ्या जागी ठेवावे आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची चिकित्सा करणारा पशुवैद्य गाठावा. कुत्र्यामांजरांच्या प्रत्येक डॉक्टरास हे काम येतेच असे नाही. बाईंचे दुसरे पत्र परवा आले. वैद्यांचे म्हणणे असे पडले की, डोळ्यांची सूज ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाची आहे, आणि असला अभाव तीन आठवड्यांत होत नाही, त्यास महिनेच्या महिने लागतात. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांचे स्वतःचेच हाल होत होते. शेवटची दोन-तीन वर्षे त्यांनी कासवास पांढऱ्या सॅलडच्या पानांवाचून दुसरे काही घातले नसावे. म्हणजे दोष बाईंचा नव्हे. परंतु त्यांच्या पाहुणचाराने त्या दुखण्यात भर पडली, हेही खरे. आता एक डोळा उघडला आहे आणि कूर्मोबाने एक गांडूळ खाल्ले आहे. पत्रासोबत बाईंनी सतरा प्रश्न पाठविले आहेत. परदेशी असलेल्या आमच्या आणखीही काही वाचकांच्या घरी हा प्राणी असण्याचा संभव आहे, म्हणून त्यांची उत्तरे येथेच देतो.

प्रथम हा प्राणी कोण ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण बहुतेक चुका तेथेच होतात. यास इंग्रजीत ‘बॉक्स टर्टल’ म्हणतात. आपण त्यास डबी-कासव म्हणू. हा उत्तर अमेरिकेचा रहिवासी, आणि मेरीलँडकडे आढळतो तो त्यांतील पूर्वेकडचा प्रकार. लांबीस वीतभराहून कमी, सुमारे ५ ते ६ इंच. पाठ घुमटासारखी उंच आणि तपकिरी रंगावर पिवळ्या-नारिंगी रेघोट्या. पोटाकडील कवचास आडवी बिजागरी असते. भय वाटले की डोके व पाय आत घेऊन पुढची-मागची दोन्ही झाकणे ते वर ओढून घेते आणि डबी लावावी तसे चहूंकडून बंद होते. (लठ्ठ झालेल्या कासवाची डबी पुरती लागत नाही, मांस बाहेर राहते, तेव्हा अति खाऊ घालणे हेही प्रेमाचे लक्षण नव्हे.) कुलाने ते तळ्यातील कासवांचे भाऊबंद, परंतु राहणी जमिनीवरची. पानगळीच्या रानात, ओलसर पाचोळ्याखाली त्याचे आयुष्य जाते. त्यास पोहणे बेताचेच येते. खोल पाण्यात, चढून यावयास जागा नसल्यास ते बुडून मरते. काचेच्या पेटीतील चार बोटे पाणी हे कूर्मोबास विष्णूचा क्षीरसागर नव्हता, रात्रंदिवस ओल्यात उभे राहण्याची शिक्षा होती.

कवचाविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. लोक त्यास घर समजतात. ते घर नव्हे, अंग आहे. पाठीचा कणा व बरगड्या त्या हाडाच्या घुमटास आतून जोडलेल्या असतात, वर नखासारख्या द्रव्याचे पातळ आवरण असते, आणि बोट लावलेले त्यास कळते. म्हणून त्यास तेल चोळू नये, रंग देऊ नये, भोक पाडून दोरी तर कदापि बांधू नये. हळदकुंकवाचे एक बोट देवघरातील धातूच्या कासवास लावावे; जिवंत कासवाची पूजा म्हणजे त्याच्या गरजा पुरविणे होय.

आता जागा. एका कासवास ४ फूट लांब आणि २-३ फूट रुंद याहून कमी जागा देऊ नये. अधिक देता आल्यास उत्तमच. काच टाळावी, कारण पारदर्शक भिंत ही भिंत आहे हे त्यास उमगत नाही आणि ते दिवसभर काचेवर नाक घाशीत राहते. फळ्यांचे किंवा प्लॅस्टिकचे उथळ, रुंद खोके चांगले. तळाशी निदान ४-६ इंच जाडीचा थर हवा: खत-औषध न घातलेली माती, नारळाच्या काथ्याचा भुसा आणि वर वाळलेली पाने. देवदारी लाकडाचा सुगंधी भुसा मात्र वापरू नये, त्याचा वास कासवास बाधतो. थर हाताने दाबला असता ओलावा जाणवावा, पाणी गळू नये; हवेत दमटपणा शेकडा ६० ते ८० असावा. कोकणातील पावसाळ्यानंतरची परसबाग डोळ्यांपुढे आणावी, म्हणजे अंदाज येईल. हिवाळ्यात तिकडील घरे यंत्राने तापवितात, त्या कोरड्या हवेने माणसांचे ओठ फुटतात तेथे कासवाची काय कथा! रोज सकाळी फवाऱ्याने पाणी शिंपडावे. एका कोपऱ्यात लपावयास अर्धे कापलेले लाकूड किंवा पालथे घातलेले मडके ठेवावे. ज्यास लपता येत नाही त्या कासवास झोप येत नाही, आणि झोप नसलेला प्राणी आजारी पडतो.

घराच्या मागे अंगण असेल तर उन्हाळ्यात बाहेरचे कुंपण याहूनही श्रेष्ठ. भिंत दीड फूट उंच व आतून गुळगुळीत असावी आणि तिचा वीतभर भाग जमिनीत पुरावा, कारण हे जनावर दिसते तसे भोळे नाही. ते चढते आणि उकरते. निम्म्या भागावर सावली हवी. रात्री वर जाळी घालावी. तिकडे रॅकून नावाचा एक प्राणी रात्री हिंडतो; त्याचे पंजे माणसाच्या हातांसारखे चालतात आणि कासवाचे पाय तो कुरतडून टाकतो. शेजाऱ्यांचे कुत्रेही त्याच यादीत धरावे.

ऊब व प्रकाश ही दोन वेगळी कामे आहेत, हे बाईंच्या चिरंजिवांस आम्ही मुद्दाम सांगतो, कारण त्यांनी एकच दिवा टांगून दोन्ही उरकली आहेत असे पत्रावरून दिसते. कासवाचे रक्त स्वतः गरम राहत नाही; जसे हवेचे तपमान तसे त्याचे. खोक्याच्या एका टोकास दिव्याखाली २९ ते ३१ अंश सेंटिग्रेड आणि दुसऱ्या टोकास २२-२४ अंश असावे, म्हणजे ते आपल्या इच्छेप्रमाणे ऊन-सावली निवडील. रात्री थोडे उतरले तर चालते. ही झाली ऊब. परंतु हाड घट्ट होण्यास जे ‘ड’ जीवनसत्त्व लागते, ते अंगात तयार होण्यास सूर्याचे नीलातीत किरण लागतात, आणि ते साध्या दिव्यात नसतात. खिडकीच्या काचेतूनही ते आत येत नाहीत. तेव्हा ‘खिडकीशी ऊन येते की’ हे समाधान खोटे आहे. या किरणांचा खास दिवा मिळतो. तो रोज १०-१२ तास लावावा. वर्षभरात, कित्येक प्रकारांत सहा महिन्यांतच, त्याचे किरण क्षीण होतात, दिसावयास मात्र तो पूर्वीसारखाच उजळ दिसतो. म्हणून दिवा आणला ती तारीख त्याच्या बैठकीवर लिहून ठेवावी. हे किरण व चुना यांची वाण पडली की कवच मऊ होते, चोच वाकडी वाढते, पाय लुळे पडतात. आणि एकदा वाकलेले हाड पुन्हा सरळ होत नाही.

पाण्यासाठी जड, उथळ ताटली ठेवावी. कासवाची हनुवटी बुडेल इतकेच पाणी असावे. ते त्याच ताटलीत पिते, बसते आणि नको तेही करते. म्हणून पाणी रोज बदलावे आणि ती ताटली घासण्यास निराळा काथ्या ठेवावा. आजारातून उठत असलेल्या कासवास याशिवाय एक दिवसाआड १५-२० मिनिटे कोमट पाण्यात बसवावे. पाणी हातास गरम लागता कामा नये. या वेळी कोणी तरी जवळ बसलेच पाहिजे. नातवास पाढे म्हणावयास हीच वेळ द्यावी.

आता मुख्य अडचण, जी बाईंनी सतराव्या प्रश्नात, फार संकोचाने, लिहिली आहे. आमच्या घरी अंडे येत नाही, मग गांडुळे व गोगलगायी कशा आणाव्यात?

आम्ही स्पष्ट लिहितो. हा प्राणी मिश्राहारी आहे. त्याच्या आहाराचा सुमारे निम्मा वाटा गांडुळे, गोगलगायी, रातकिडे आणि किड्यांच्या अळ्या यांचा, व उरलेला निम्मा फळे, पाने आणि अळंबी यांचा. लहान पिल्ले तर बव्हंशी किड्यांवरच वाढतात. त्यास दूधभातावर ठेवणे म्हणजे गाईस शिकार घालण्यासारखेच आहे. व्रत आपण घेतले आहे, कासवाने घेतलेले नाही. आणि ज्याने घेतले नाही त्याच्याकडून ते उपाशी ठेवून पाळवून घेण्यात कोणते पुण्य? आजीबाईंच्या मनास हे पटत नसेल तर कासव दुसऱ्या योग्य घरी द्यावे, त्यात कमीपणा मुळीच नाही. पण ठेवावयाचे ठरले तर त्याचे त्यास दिलेच पाहिजे. व्यवस्था अवघड नाही. गांडुळांचा डबा मागच्या ओसरीवर किंवा मोटारखान्यात ठेवावा; त्यांची भांडी, चिमटा व सुरी निराळी; आणि हे काम नातवाकडे सोपवावे. आमचा अनुभव असा की, मुलास ज्याची किळस येईल अशी मोठ्यांस भीती वाटते, त्याचीच त्यास गोडी असते. मात्र कीटकनाशक फवारलेल्या हिरवळीतून गांडुळे उकरून आणू नयेत. विकत मिळतात ती घ्यावी.

वनस्पतींच्या बाबतीत बाईंचे स्वयंपाकघर पुरेसे आहे. लाल भोपळा, रताळे आणि गाजर ही तिन्ही ‘अ’ जीवनसत्त्वाच्या दृष्टीने उत्तम. ती किसून किंवा वाफवून द्यावी. स्ट्रॉबेरी, ब्लूबेरी यांसारखी फळे त्यास अतिशय आवडतात. त्यांचा रंग पाहूनच ते धावत येते, जितके कासवास धावता येईल तितके. अळंबीही आवडीची. रानात तर मनुष्यास विषारी असलेली काही अळंबीही ते पचविते. तो गुण त्याच्यापाशीच राहू द्यावा, आपण बाजारची अळंबी घालावी. तिकडील रानात मे-ॲपल नावाची एक वनस्पती असते. तिचे फळ खाऊन हे कासव बिया दूरवर टाकीत जाते, आणि त्याच्या पोटातून गेलेल्या बिया अधिक चांगल्या उगवतात. रानाचा असा हा माळी आहे. पांढऱ्या, कुरकुरीत सॅलडमध्ये पाण्यावाचून काही नसते, ते बंद करावे. दूध, दही, पोळी, भात, मीठ-मसाल्याचे काहीही घालू नये. ॲव्होकॅडो व रूबार्ब ही त्यास अपायकारक होत. वयात आलेल्या कासवास एक दिवसाआड, सकाळी ते अंग तापवून घेतल्यावर, त्याच्या डोक्याएवढ्या दोन-तीन घासांचे जेवण पुरते. सध्या कूर्मोबा अशक्त आहे तोवर वैद्य सांगतील तसे रोज द्यावे.

चुन्यासाठी एक सोय आपल्या ओळखीची आहे. काष्ठौषधींच्या दुकानात ‘समुद्रफेस’ म्हणून जो पांढरा, हलका तुकडा मिळतो, तो फेस नसून माकूळ जातीच्या समुद्रप्राण्याच्या अंगातील कवच असते आणि त्यात मुख्यत्वे चुनाच असतो. अमेरिकेत तो पाळीव पक्ष्यांसाठी विकतात. त्याचा एक तुकडा खोक्यात टाकून ठेवावा; कासव आपल्या गरजेप्रमाणे चावते आणि त्याची चोचही झिजते.

‘अ’ जीवनसत्त्वाच्या औषधाविषयी मात्र इशारा देतो. ते थोडे दिल्याने गुण आला, तर पुष्कळ दिल्याने पुष्कळ येईल, असा हिशेब येथे चालत नाही. अधिक मात्रेने कातडी सोलून निघते. वैद्यांनी ठरविलेल्या मात्रेपलीकडे थेंबभरही जाऊ नये. डोळ्यांच्या मागे, कानाच्या जागी सुपारीसारखी गाठ आली, तोंड उघडे टाकून श्वास चालला, नाकातून बुडबुडे आले, किंवा पंधरवड्यात वजन सारखे उतरत गेले, तर घरगुती उपायात एक दिवसही घालवू नये. कासव दुखणे लपविते. ते दिसू लागते तेव्हा पुष्कळ पुढे गेलेले असते.

हातांच्या स्वच्छतेबद्दल बाईंस फार सांगावयास नको, कारण या एका बाबतीत त्यांचे सोवळे आणि आधुनिक वैद्यक यांचे पूर्ण एकमत आहे. वरून निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावर व विष्ठेत साल्मोनेला नामक जंतू असू शकतात. त्यांनी माणसास ताप व जुलाब होतात, आणि पाच वर्षांखालील मुले व वृद्ध यांस ते जड जातात. लहान मुले कासवाची पिल्ले तोंडात घालीत, त्यापायी इतके आजार झाले की, अमेरिकन सरकारने १९७५ साली ४ इंचांहून लहान कवचाच्या कासवांची विक्रीच बंद केली. तेव्हा कासवास शिवल्यावर साबणाने हात धुवावे; त्याचे खोके, ताटली, स्नानाचे भांडे स्वयंपाकघरात येऊ नये, आणि मोरीही शक्य तर निराळी असावी. नातू त्याचे मुके घेतो असे पत्रात आहे. ते ताबडतोब बंद करावे.

हिवाळ्यासंबंधी बाईंनी विचारले आहे की, कासव चातुर्मासासारखे झोपते हे खरे काय. खरे आहे, फक्त महिने वेगळे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात थंडी पडू लागली की ते खाणे सोडते, मऊ मातीत व पाचोळ्यात शिरते आणि मार्च-एप्रिलपर्यंत निश्चल राहते. ही जात इतकी कणखर की, अंगातील निम्म्याच्या आसपास पाणी गोठून बर्फ झाले तरी काही काळ तग धरून पुन्हा जागी होते. परंतु हे सर्व धडधाकट कासवाचे. आजाऱ्याने ही झोप घेतली तर तो बहुधा उठत नाही. पोटात अन्न असताना थंडीत ठेवल्यास ते आत कुजते. म्हणून निजविण्यापूर्वी दोन-तीन आठवडे उपास, पाणी मात्र भरपूर, आणि मग ४ ते १० अंशांची स्थिर थंडी, असा विधी आहे. कूर्मोबास या वर्षी निजवू नये. दिवा व ऊब पूर्ववत् ठेवून त्यास हिवाळाभर जागेच राखावे. पुढल्या वर्षीचे पुढल्या वर्षी, वैद्यांस विचारून.

आता नातवाचा एक बेत. शाळेच्या वाटेवर त्याने असेच एक कासव रस्ता ओलांडताना पाहिले, आणि कूर्मोबास सोबती म्हणून ते घरी आणावयाचे त्याच्या मनात आहे. कृपा करून आणू देऊ नका. त्याच मेरीलँड संस्थानात, लॉरेल गावाजवळ पॅटक्संट नावाचे वन्यजीव संशोधनाचे ठिकाण आहे. तेथे ल्युसिल स्टिकेल या विदुषींनी १९४४ सालापासून या कासवांचा पाठलाग केला. सुताच्या रिळातील धागा मागे सुटत जाईल अशा युक्तीने ती कोठे कोठे जातात ते टिपले. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधावरून दिसून आले की, एका कासवाचे सर्व जग सरासरी साडेतीनशे फूट व्यासाच्या आत असते, आणि वर्षानुवर्षे ते तेथेच राहते. (याच बाई पुढे डी.डी.टी.च्या दुष्परिणामांवर मोलाचे काम करून त्या संस्थेच्या संचालक झाल्या. आमच्या कन्यावाचकांनी हे नाव लक्षात ठेवावे.) आपल्या गल्लीएवढ्या त्या मुलखातील पाणी कोठे, फळे कोणत्या झाडाखाली, निजावयास जागा कोणती, हे सर्व त्यास पाठ असते. तेथून उचलून दुसरीकडे सोडलेले कासव घर शोधीत भटकते आणि रस्त्यांवर मोटारींखाली सापडते. मादी एका वेळी बहुधा ३ ते ६ अंडी घालते, त्यांतील पिल्ले थोडीच जगतात, आणि वयात येण्यासच सात-दहा वर्षे लागतात. म्हणून रानातून एक मोठे कासव उचलले तर ती तूट भरून येणे कठीण. पॅटक्संट येथेच पुढे पन्नास वर्षांच्या गणतीत त्यांची संख्या पुष्कळ घटलेली आढळली. रस्त्यावर दिसलेल्या कासवास, वाहने पाहून, त्याचे तोंड ज्या दिशेस असेल त्याच बाजूस पलीकडे ठेवावे आणि आपल्या वाटेने जावे. त्यास मागे फिरविल्यास ते पुन्हा रस्त्यावर येईल.

त्याच न्यायाने कूर्मोबासही ‘रानात सोडून पुण्य जोडावे’ असा विचार मनात आणू नये. तीस वर्षे माणसांत राहिलेल्यास आपले रान कोठले हे सांगता येणार नाही, आणि त्याच्या अंगातील रोग रानातील कासवांस जडतील. रानाव्हायरस नावाच्या रोगाने मेरीलँडकडे डबी-कासवे मेलेली आहेत. निरनिराळ्या संस्थानांचे ही कासवे बाळगण्याचे कायदेही निरनिराळे आहेत. चिरंजिवांनी तेथील वन्यजीव खात्याकडे चौकशी करून, शेजाऱ्यांकडून कासव आल्याची रीतसर नोंद करून घ्यावी.

आणि बाईंच्या पुण्यातील जाऊबाईंसाठी, ज्यांनी ‘आपणही एक आणू, घरात कासव शुभ असते’ असे कळविले आहे: आणू नये. आपल्याकडील पिवळ्या तारकांचे कासव, विहिरीत सोडतात ते मऊ पाठीचे कासव, ही १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित असून ती धरणे, विकणे, घरी ठेवणे हा अपराध आहे. १९९४ साली डबी-कासवांचा आंतरराष्ट्रीय व्यापारही कराराने नियंत्रित झाला, तेव्हा परतीच्या सामानात कूर्मोबास घालून आणण्याचाही प्रश्न उद्भवत नाही. शुभ हवे असेल तर देवळाच्या सभामंडपात दगडी कासव आहेच. त्यास दिवा-पाणी काही लागत नाही.

एक प्रश्न बाईंनी विचारला नाही, तो आम्हीच काढतो. डबी-कासव पन्नास वर्षे सहज जगते. शंभरी ओलांडल्याचेही दाखले आहेत. कूर्मोबाचे डोळे लाल आणि पोटाचे कवच खोलगट, म्हणजे तो नरच. पण वय सांगता येत नाही, कारण म्हातारपणी पाठीवरच्या रेषा झिजून जातात. तीस धरले तरी तो अजून मध्यम वयाचा आहे. बाई ऑक्टोबरात पुण्यास परततील. चिरंजीव नोकरी बदलतील, गाव बदलतील. नातू नऊ वर्षांनी शिक्षणासाठी घराबाहेर पडेल, आणि कूर्मोबा तेव्हाही तेथेच असेल. शेजारच्या गृहस्थांवर जी वेळ आली ती या घरावर येऊ द्यावयाची नसेल तर हे आताच, सर्वांनी एकत्र बसून, ठरवावे. घराण्याच्या दागिन्यांची आपण यादी करतो, पूजेचे देव कोणाकडे जावयाचे हे ठरवितो. तशीच ही एक वाटणी समजावी. नातू म्हणेल की मीच. त्याचे म्हणणे टिपून घ्यावे, पण त्याच्या नऊ वर्षांच्या शब्दावर सर्व सोडू नये. सूनबाईंची संमती असल्यावाचून हा संसार चालणार नाही, कारण नोव्हेंबरापासून सकाळचे पाणी त्यांनाच बदलावे लागेल. त्यांस सोसवत नसेल तर तसे त्यांनी मोकळेपणे सांगावे, आणि तिकडे अशा कासवांस आश्रय देणाऱ्या मंडळ्या आहेत, त्यांच्याशी आजच बोलून ठेवावे.

तोपर्यंत एक वही घालावी. दर रविवारी सकाळी, खाण्यापूर्वी, स्वयंपाकघरातील नव्हे अशा वेगळ्या काट्यावर त्याचे वजन करून ग्रॅममध्ये लिहावे. शेजारी काय खाल्ले, स्नान किती वेळा, दिवा कधी बदलला हे टिपावे. पहिल्या पानावर शेजारच्या गृहस्थांचा वृद्धाश्रमातील पत्ता लिहून ठेवावा. दुसरा डोळा उघडला की नातवाने त्यांस भेटावयास जावे, आणि जाताना कूर्मोबाचे चित्र न्यावे. आम्हांसही एक पाठवावे.